टेस्ट पडली, पण मोडलं काय?

रात्री चाललेल्या टेस्टचा निकाल सकाळी लाल दिसतो. टीममधलं कोणीतरी म्हणतं, "परत चालवून बघ." परत चालवली तरी लालच. मग कोणीतरी साइट उघडून स्वतः फॉर्म भरतं, बटण दाबतं, आणि सगळं सुरळीत होतं. ग्राहकाला कसलीच अडचण नाही. अडचण फक्त टेस्टला आहे, कारण काल ज्या खुणेवरून तिला ते बटण सापडत होतं ती खूण आज पानावर नाही. असं वारंवार झालं की लाल निकालाचं कोणाला काही वाटेनासं होतं. मग ज्या दिवशी खरोखर काही मोडलेलं असतं, त्या दिवशीही "असेल लोकेटरचं काहीतरी" म्हणत बिल्ड पुढे जातो.

लोकेटर म्हणजे पानावरचं नेमकं एक एलिमेंट शोधायला स्क्रिप्टला दिलेली खूण. ती निवडताना बहुतेक जण 'चालतोय ना' एवढंच बघतात. पण एका बटणासाठी आज चालणारे दहा लोकेटर कोणीही लिहू शकतं. त्यातला टिकणारा कोणता हे ओळखायचं असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: ज्या गोष्टीचा आपण आधार घेतोय ती कोणाच्या ताब्यात आहे, आणि ती व्यक्ती ती कशासाठी बदलेल? रंगरूप डिझायनरच्या ताब्यात असतं, पानाची रचना डेव्हलपरच्या, मजकूर कंटेंट लिहिणाऱ्याच्या किंवा अनुवादकाच्या. काही आयडी तर कोणाच्याच ताब्यात नसतात, ते फ्रेमवर्क परस्पर तयार करतं. ग्राहकाच्या दृष्टीने काही बदललं तरच टेस्ट पडावी, एरवी नाही, अशी खूण आपल्याला हवी असते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. एका बँकेची नेट बँकिंगची साइट आहे. तिच्यावर 'मोबाइल क्रमांक' ही चौकट, 'ओटीपी पाठवा' हे बटण, खाली खात्यांचं टेबल आणि टेबलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'तपशील' हे बटण. साइट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. एवढंसं पान, पण लोकेटरचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात येतात.

वेगाची जुनी यादी

ऑटोमेशनच्या क्लासमध्ये आणि मुलाखतींमध्ये अजूनही एक यादी पाठ करून घेतली जाते: आधी आयडी, मग नेम, मग क्लास, मग लिंक टेक्स्ट, मग सीएसएस, आणि अगदीच नाइलाज झाला तर एक्सपाथ, कारण एक्सपाथ हळू. ही समजूत जुन्या काळातून आली आहे. जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोत थॉटवर्क्समध्ये काम करताना सेलेनियम सुरू केलं, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचं राज्य होतं. त्या ब्राउझरमध्ये एचटीएमएल पानांसाठी एक्सपाथची अंगभूत सोय नव्हती. ते काम जावास्क्रिप्टकडून करून घ्यावं लागे आणि त्याला खरोखरच वेळ लागे. त्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला. आजच्या क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एलिमेंट शोधण्याचा वेळ मिलिसेकंदांत मोजतात, आणि पान लोड व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

आणखी एक गंमत. डब्ल्यू-थ्री-सीने २०१८ मध्ये वेबड्रायव्हरचं जे प्रमाण मंजूर केलं त्यात एलिमेंट शोधण्याच्या पाचच पद्धती आहेत: सीएसएस सिलेक्टर, लिंक टेक्स्ट, अर्धवट लिंक टेक्स्ट, टॅग नेम आणि एक्सपाथ. यादीत अग्रपूजेचा मान मिळवणारा आयडी त्यात नाहीच. सेलेनियम ४ ला आयडीने शोधायला सांगितलं की ते आतल्या आत त्याचा सीएसएस सिलेक्टर बनवून ब्राउझरकडे पाठवतं. तेव्हा वेग हा निकष सोडून द्या. उरतो तो टिकाऊपणा.

कॉपी केलेला एक्सपाथ

इन्स्पेक्ट, राइट क्लिक, कॉपी, फुल एक्सपाथ. हातात येतं ते असं काहीतरी: /एचटीएमएल/बॉडी/डिव्ह[२]/डिव्ह[१]/मेन/डिव्ह[३]/टेबल/टीबॉडी/टीआर[३]/टीडी[५]/बटन. यातलं प्रत्येक पाऊल पानाच्या रचनेवर उभं आहे. मार्केटिंगवाल्यांनी वर 'नवीन व्याजदर' असा एक पट्टा टाकला, किंवा डेव्हलपरने मांडणीसाठी एक डिव्ह वाढवला, की सगळा रस्ता चुकतो.

तरी टेस्ट पडली तर ते परवडलं. त्याहून वाईट म्हणजे ती पडतच नाही. वरच्या लोकेटरमधला टीआर[३] म्हणजे तिसरी ओळ. बचत खातं तिसऱ्या ओळीत होतं म्हणून तो आकडा आला. उद्या त्या ग्राहकाने एक मुदत ठेव उघडली आणि ती यादीत वर आली, की तिसऱ्या ओळीत दुसरंच खातं येतं. टेस्ट त्याचा तपशील उघडते, पानावर 'शिल्लक' हा शब्द आहे असं बघते आणि हिरवी होते. तपासायचं होतं ते तपासलंच गेलं नाही, आणि हे कोणाला कळतही नाही. क्रमांकाच्या लोकेटरवर माझा राग आहे तो यासाठी.

दोष मात्र एक्सपाथचा नाही. एक्सपाथ १.० हे १९९९ सालचं प्रमाण आहे आणि ब्राउझर अजून त्याच आवृत्तीवर आहेत, पण एका कामात ते अजून तरबेज आहे: मजकुरावरून एलिमेंट शोधायचं आणि तिथून वर, बाजूला किंवा खाली जायचं. 'ज्या ओळीत बचत खाते असं लिहिलंय, त्या ओळीतलं बटण' हे एक्सपाथमध्ये नीट लिहिता येतं. नाती सांगायला ते वापरा, नकाशा सांगायला नको.

क्लास आणि आयडी

क्लास हे मुळात सजावटीसाठी असतात. लग्नात एखाद्या पोराला "त्या निळ्या शालूतल्या मावशींना हे नेऊन दे" असं सांगून पाठवावं आणि तेवढ्यात मावशींनी रिसेप्शनसाठी साडी बदललेली असावी, तशी क्लासवरच्या लोकेटरची गत होते. बूटस्ट्रॅपमधला 'प्रायमरी' बटणाचा क्लास डिझायनरने 'सेकंडरी' केला, तर ग्राहकाच्या लेखी फक्त रंग बदलला, पण टेस्टच्या लेखी बटण गायब. टेलविंड वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये तर एका बटणावर वीस-वीस क्लास असतात आणि प्रत्येक क्लास समास, रंग किंवा गोलाई यांबद्दलच बोलतो. सीएसएस मॉड्यूल्स आणि स्टाइल्ड कंपोनंट्समध्ये नावाच्या शेवटी अक्षरं-आकड्यांची एक अर्थहीन शेपटी असते, आणि स्टाइल बदलली की ती शेपटीही बदलते. अशी शेपटी दिसली की तो क्लास हातातही घेऊ नका.

सेलेनियम शिकणाऱ्यांची एक नेहमीची अडचण इथेच सांगून टाकतो. क्लास नेमने शोधताना एकच क्लास द्यावा लागतो. इन्स्पेक्टमधून स्पेससकट पूर्ण ओळ उचलून टाकली तर ते चालत नाही. दोन क्लास मिळून हवे असतील तर सीएसएस सिलेक्टर घ्या आणि मध्ये स्पेसऐवजी टिंब द्या.

आयडीचं तसं नाही. डेव्हलपरने विचार करून दिलेला आयडी हा उत्तम आधार असतो. प्रश्न एवढाच की तो माणसाने दिलाय की यंत्राने. अँग्युलर मटीरियलमध्ये 'मॅट-इनपुट-०', 'मॅट-इनपुट-१' असे आयडी दिसतात. तो आकडा म्हणजे त्या पानावर कितवी चौकट तयार झाली याची मोजणी. वर एक चौकट वाढली की पुढचे सगळे सरकतात. रिअॅक्ट १८ मधलं यूज-आयडी जो आयडी देतं त्याच्या दोन्ही बाजूंना कोलन असतो. तो सीएसएस सिलेक्टरमध्ये सरळ लिहिताही येत नाही, आणि रिअॅक्टच्या पुढच्या आवृत्त्यांत हा साचाही बदलला. जुन्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये 'सीटीएल००' ने सुरू होणारे लांबलचक आयडी असतात. तिथे मात्र शेवटचा तुकडा बहुधा डेव्हलपरने दिलेलं नाव असतो, म्हणून सीएसएसमधलं 'अमुक अक्षरांनी संपणारा' हे रूप वापरलं तर काम भागतं.

यंत्राचा आयडी ओळखायची साधी रीत अशी. पान रिफ्रेश करा. मग त्याच पानावर दुसऱ्या मेनूतून या. मग दुसऱ्या युजरने लॉगिन करा. आयडी तिन्ही वेळा तोच राहिला आणि त्याच्या नावाला काही अर्थ असला तर घ्या. एकच आयडी एका पानावर दोनदा नसावा असा नियम आहे, पण तो मोडला तरी ब्राउझर तक्रार करत नाही आणि सेलेनियम निमूटपणे पहिलं एलिमेंट देतं. म्हणून कोणताही लोकेटर स्क्रिप्टमध्ये टाकण्याआधी डेव्हटूल्सच्या कन्सोलमध्ये तपासा. सीएसएससाठी दोन डॉलरची खूण आणि एक्सपाथसाठी डॉलर-एक्स अशा तयार सोयी तिथे आहेत. उत्तरात नेमकं एक एलिमेंट आलं पाहिजे. शून्य आलं तर चूक लगेच दिसते. दोन आली तर ती चूक पुढे कधीतरी, भलत्याच दिवशी दिसते.

भूमिका आणि नाव

आता ज्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं ते. प्रत्येक ब्राउझर पानाचं डॉम तर बनवतोच, पण त्याच्या जोडीला आणखी एक झाड बनवतो, ॲक्सेसिबिलिटी ट्री. दिसत नसलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या व्यक्ती एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखे स्क्रीन रीडर वापरतात, ते याच झाडावरून पान वाचून दाखवतात. त्यात डिव्ह, क्लास, समास असलं काही नसतं. असते ती भूमिका, म्हणजे बटण, लिंक, शीर्षक, चेकबॉक्स, मजकुराची चौकट. आणि असतं नाव: 'ओटीपी पाठवा', 'मोबाइल क्रमांक'. ग्राहक पानाबद्दल बोलतो ते याच भाषेत. कस्टमर केअरला फोन करून कोणी "तिसऱ्या डिव्हमधलं बटण दबत नाही" असं सांगत नाही.

टेस्टिंग लायब्ररी २०१८ मध्ये आली तिने हा विचार रुजवला, आणि मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटमध्ये २०२२ पासून गेट-बाय-रोल, गेट-बाय-लेबल, गेट-बाय-टेक्स्ट असे थेट लोकेटर आहेत. 'भूमिका बटण, नाव ओटीपी पाठवा' एवढंच सांगायचं. आतली रचना कितीही बदलली, रंग बदलला, रिअॅक्ट जाऊन अँग्युलर आलं, तरी बटण बटणच राहतं आणि त्याचं नाव तेच राहतं. लोकेटर तुटतो तो बटणाचं नाव बदललं किंवा ते बटण राहिलं नाही तेव्हाच. दोन्ही गोष्टी ग्राहकालाही जाणवणाऱ्या आहेत, म्हणजे त्या लाल निकालाला काही अर्थ असतो.

उलट दिशेनेही फायदा होतो. समजा डेव्हलपरने 'ओटीपी पाठवा' हे खऱ्या बटणाऐवजी डिव्हला रंग देऊन आणि त्यावर क्लिक लावून बनवलं. दिसायला बटण, माउसने दाबलं तर चालतं. पण गेट-बाय-रोलला ते सापडत नाही. इथे लोकेटर बदलून मोकळं व्हायचा मोह आवरा, कारण टेस्टने खरा दोष पकडलाय: टॅब दाबून त्या 'बटणा'पर्यंत पोचता येत नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. बँकेच्या साइटवर हा दोष 'दिसण्यातली किरकोळ बाब' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नुसतं भिंगाचं चित्र असलेल्या शोध बटणाचंही तसंच. त्याला आरिया-लेबल दिलेलं नसेल तर त्याचं नाव रिकामं असतं आणि नावाने शोधणारी टेस्ट पडते. पडायलाच हवी.

हे नाव ठरतं कसं? आरिया-लेबल्डबाय असेल तर त्यावरून, नाहीतर आरिया-लेबलवरून, नाहीतर जोडलेल्या लेबलवरून किंवा बटणातल्या मजकुरावरून. यातलं काहीच नसेल तर टायटल आणि प्लेसहोल्डर यांचा आधार घेतला जातो. अंदाज करत बसू नका. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये एलिमेंट्सच्या भागात ॲक्सेसिबिलिटी नावाचा टॅब आहे, तिथे भूमिका आणि नाव दोन्ही लिहिलेली असतात.

या पद्धतीत काही खाचखळगे आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. पासवर्डच्या चौकटीला प्रमाणानुसार कोणतीच भूमिका नाही. गेट-बाय-रोलने मजकुराची चौकट म्हणून ती शोधत बसलात तर ती सापडणार नाही, तिला लेबलने शोधा. बटणासारखी दिसणारी लिंक ही भूमिकेने लिंकच असते. प्लेराइटमध्ये नाव मुळात अर्धवट जुळलं तरी चालतं, म्हणून 'पाठवा' असं लिहिलं तर 'ओटीपी पाठवा' आणि 'पुन्हा पाठवा' दोन्ही सापडतात. नशिबाने प्लेराइट अशा वेळी पहिलं उचलून पुढे जात नाही, एकाहून जास्त सापडले म्हणून थांबतं. तिथे 'पहिलं घे' असं सांगून त्याचं तोंड बंद करणं ही वाईट सवय आहे. नाव पूर्ण द्या आणि तंतोतंत जुळण्याची अट घाला.

सेलेनियमवाल्यांना भूमिकेने थेट शोधायची सोय नाही. सेलेनियम ४ मध्ये सापडलेल्या एलिमेंटची भूमिका आणि नाव विचारता येतं, पण त्यावरून शोधता येत नाही. तरी त्या विचाराच्या बरंच जवळ जाता येतं. 'मोबाइल क्रमांक' हे लेबल मजकुरावरून शोधा, त्याच्या 'फॉर' या ॲट्रिब्यूटमधून आयडी वाचा आणि त्या आयडीने चौकट शोधा. आयडी यंत्राने दिलेला असला तरी इथे बिघडत नाही, कारण तो स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नसतो, टेस्ट चालतानाच वाचला जातो. यासाठी एक छोटं फंक्शन एकदाच लिहून ठेवलं की सगळ्या फॉर्मना पुरतं.

मराठी मजकूर जुळवताना

नावाने शोधायचं म्हटलं की मजकूर जुळणं आलं, आणि मराठी पानावर ते वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हे सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

'दुसऱ्या खात्यात पाठवा' असं बटण आहे. त्यातलं 'ऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका तऱ्हेत मराठीसाठीचा वेगळा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही एकसारखे. कंटेंट लिहिणाऱ्याने एका कीबोर्डवर लिहिलं, टेस्टरने दुसऱ्या कीबोर्डवर, आणि टेस्ट म्हणते असं बटणच नाही. एरर मेसेजमध्ये अपेक्षित मजकूर आणि सापडलेला मजकूर हुबेहूब सारखे दिसतात, माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या लेखी या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत. तसंच 'ॲप' मधल्या ॲचं: तो एक स्वतंत्र कोड आहे, पण अनेक जण अ वर अर्धचंद्र देऊन तो बनवतात. आणि 'बँक' हा शब्द, जो आपल्या पानावर जागोजागी असणार, तो कोणी ब वर चंद्रबिंदू देऊन लिहितं, कोणी अर्धचंद्र आणि वेगळा अनुस्वार देऊन.

यावर उपाय एकच आहे. मजकूर टेस्टमध्ये स्वतः टाइप करू नका. साइट ज्या भाषांतराच्या फाइलमधून मजकूर घेते त्याच फाइलमधून टेस्टनेही घ्यावा. बटणाचं नाव 'ओटीपी पाठवा' असं न लिहिता त्या फाइलमधली की द्यायची आणि मजकूर तिच्यावरून यायचा. याने भाषेचा प्रश्नही सुटतो: तीच टेस्ट मराठी, हिंदी आणि इंग्रजी पानावर चालते, आणि अनुवादकाने 'पाठवा'चं 'मागवा' केलं तरी टेस्टला हात लावावा लागत नाही. मजकूर बरोबर आहे की नाही हे तपासायचं असेल तर त्यासाठी वेगळी, लहान टेस्ट लिहा. ते काम लोकेटरकडे देऊ नका.

आकड्यांचीही तीच कथा. ब्राउझरला मराठी भारत अशी लोकॅल देऊन रक्कम फॉरमॅट केली तर ती आपोआप देवनागरी अंकांत येते. हिंदीसाठी हेच केलं तर इंग्रजी अंक येतात. एक रक्कम सर्व्हरने फॉरमॅट केलेली आणि दुसरी ब्राउझरने, असं असलं तर एकाच पानावर दोन्ही अंक दिसू शकतात. रक्कम, तारीख, शिल्लक असल्या बदलत्या मजकुरावर लोकेटर कधीच बांधू नये, पण मराठी पानावर तर मुळीच नाही.

न दिसणाऱ्या स्पेसचाही त्रास असतोच. रुपयाचं चिन्ह आणि आकडा फुटू नये म्हणून कंटेंटवाले नॉन-ब्रेकिंग स्पेस टाकतात, आणि एक्सपाथचं नॉर्मलाइझ-स्पेस तिला स्पेस मानत नाही. इंग्रजी पानावर आणखी एक: सीएसएसने सगळी अक्षरं कॅपिटल केलेली असतील तर सेलेनियमच्या लिंक टेक्स्टला दिसतो तसा, म्हणजे कॅपिटल मजकूर द्यावा लागतो.

ठरवून दिलेली खूण

सगळ्याच गोष्टींना नाव नसतं. आलेख, नकाशा, एखादं कार्ड, बाहेरून आणलेला तारीख निवडायचा विजेट, किंवा दर आठवड्याला शब्द बदलणारी जाहिरातीची जागा. अशा ठिकाणी टेस्टसाठीच एक ॲट्रिब्यूट मागून घ्यावं. प्लेराइट डेटा-टेस्टआयडी हे नाव गृहीत धरतं (सेटिंगमध्ये बदलता येतं), आणि सायप्रेसच्या मार्गदर्शनात डेटा-सीवाय हे नाव दिसतं. नाव कोणतंही असो, एका प्रोजेक्टमध्ये एकच ठेवा. या ॲट्रिब्यूटचा मालक टेस्टर आणि डेव्हलपर मिळून असतो, आणि ते दुसऱ्या कशासाठीही वापरलं जात नाही, म्हणून सहसा कोणी ते कारण नसताना बदलत नाही. 'हे बदलायचं असेल तर टेस्टही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदला' एवढी समज टीममध्ये असली की पुरे.

नाव देताना कामावरून द्या, रूपावरून नको. 'हिरवं-बटण' किंवा 'डावीकडचं-कार्ड' असं नाव दिलं तर पुन्हा डिझायनरच्या हातात गेलात. 'कर्ज-अर्ज-सादर' असं हवं. यादीतल्या ओळींना ओळीचा क्रमांक लावू नका. आणि बँकेच्या पानावर खरा खाते क्रमांक टेस्टआयडीत घालण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला तिथेच थांबवा.

काही टीम सगळ्याच एलिमेंटना टेस्टआयडी लावून मोकळ्या होतात. त्याने टेस्ट स्थिर होतात हे खरं, पण मला ते पूर्ण पटत नाही. डिव्हचं बनवलेलं खोटं बटण टेस्टआयडीने आनंदाने सापडतं आणि दाबलंही जातं. बटणावरचा मजकूर चुकून रिकामा गेला तरी टेस्ट हिरवीच राहते. म्हणून माणूस ज्याला हात लावतो, ती बटणं, चौकटी, लिंक, त्यांच्यासाठी भूमिका आणि नाव. बाकीच्या पसाऱ्यासाठी टेस्टआयडी. आणि डेव्हलपर टीमपर्यंत पोचच नसेल, म्हणजे बाहेरून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर तपासायचं असेल, तर नेम, माणसाने दिलेला आयडी किंवा लिंकचा पत्ता अशा ॲट्रिब्यूटवर आधारलेला आखूड सीएसएस. जितका आखूड, तितका बरा.

ओळीतलं बटण

टेबलमध्ये दहा 'तपशील' बटणं आहेत, सगळ्यांची भूमिका आणि नाव एकच. इथे आधी ओळ शोधायची आणि मग त्या ओळीच्या आत बटण. ओळ शोधायची ती तिच्यातल्या ठरलेल्या मजकुरावरून, खात्याच्या टोपणनावावरून किंवा टेस्टने स्वतः तयार केलेल्या नोंदीवरून. प्लेराइटमध्ये त्यासाठी फिल्टर आहे. सेलेनियममध्ये ओळ हातात आल्यावर तिच्यावरच पुन्हा शोध घेता येतो. मात्र आतल्या शोधासाठी एक्सपाथ वापरलात तर त्याच्या सुरुवातीला टिंब द्यायला विसरू नका, नाहीतर शोध ओळीपुरता न राहता पूर्ण पानभर होतो. सीएसएसमध्ये 'ज्याच्या आत अमुक आहे तो' असं सांगणारं हॅज आता आहे. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये ते घेतलं आणि सगळे मोठे ब्राउझर एका पातळीवर आले. एवढंच की सीएसएस मजकूर बघत नाही, रचना आणि ॲट्रिब्यूट बघतो.

क्रमांक वापरायला एकाच ठिकाणी हरकत नाही: जेव्हा क्रमच तपासायचा असतो. 'सर्वात नवा व्यवहार सर्वात वर' ही अट असेल तर पहिली ओळ मागणं हेच बरोबर आहे.

लोकेटरवर आळ येतो पण दोष त्याचा नसतो, अशी प्रकरणंही असतात. एलिमेंट सापडलं, मग रिअॅक्टने ती ओळ नव्याने काढली आणि सेलेनियमने स्टेल एलिमेंटची तक्रार केली: इथे वाट बघण्याची पद्धत सुधारायची, लोकेटर नाही. पेमेंटचं पान बहुधा आयफ्रेममध्ये असतं, आधी त्या फ्रेममध्ये शिरावं लागतं. शॅडो डॉमच्या आत एक्सपाथ पोचत नाही. प्लेराइटचे बाकीचे लोकेटर उघड्या शॅडो डॉममध्ये पोचतात.

हल्ली 'स्वतः दुरुस्त होणारे' लोकेटर विकणारी साधनं आली आहेत. खूण तुटली की ती जवळपास तसं दिसणारं एलिमेंट शोधून पुढे जातात. घ्यायला हरकत नाही, पण दुरुस्ती परस्पर पचवू देऊ नका. तिची नोंद दिसली पाहिजे आणि कोणीतरी ती वाचून मान्य केली पाहिजे. 'रद्द करा'च्या जागी 'पुष्टी करा' सापडलं आणि साधनाने ते गोड मानून घेतलं, असं बँकेच्या पानावर चालणार नाही.

शेवटी जुन्या टेस्टचं काय करायचं हा प्रश्न राहतो, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांकडे कॉपी केलेल्या एक्सपाथचा साठा असणार. सगळं एकदम बदलायला घेऊ नका. आधी लोकेटर टेस्टमधून उचलून प्रत्येक पानासाठीच्या एका फाइलमध्ये आणा, म्हणजे तेच बटण बारा टेस्टमध्ये असलं तरी बदल एकाच ओळीत होईल. मग गिटचा इतिहास बघा: गेल्या सहा महिन्यांत लोकेटरच्या कोणत्या ओळी सर्वात जास्त वेळा बदलल्या? त्या पहिल्यांदा घ्या. प्रत्येकीसाठी बघा की भूमिका-नावाने भागतंय का, नाहीतर डेव्हलपरकडून टेस्टआयडी मागा. क्रमांक असलेले लोकेटर त्यानंतर, ते कधीच पडले नसले तरी, कारण त्यांचं न पडणंच संशयास्पद आहे. उरलेले, दिसायला कितीही कुरूप असले तरी, जोवर नेमकं एकच एलिमेंट देतायत आणि पडत नाहीयेत तोवर तसेच राहू द्यात.